बेलोमोरकनाल: अर्धी रिकामी सिगारेट

गुण: ५ पैकी १. तोही पाकिटाला. आतल्या मालाला शून्य.

आधीच सांगून टाकतो, सिगारेट सोडून मला अकरा वर्षं झाली. बायपासनंतर डॉक्टरांनी नुसतं सांगितलं होतं, सोडायला लावली बायकोने. त्यामुळे भाची सेंट पीटर्सबर्गहून एमबीबीएस संपवून परत यायला निघाली आणि फोनवर "मामा, तुला काय आणू?" म्हणाली, तेव्हा मी हळूच गॅलरीत जाऊन बोललो. म्हटलं, बेलोमोरकनालचं एक पाकीट आण. ही रशियाची जुनी सिगारेट, नावाचा अर्थ श्वेत समुद्राचा कालवा; हा समुद्र रशियाच्या उत्तरेला. ती हसायलाच लागली. "अरे मामा, ते तिकडे फक्त म्हातारे ओढतात!" मग मी कोण आहे, बाई?

हट्टामागे कारण होतं. १९८६ साली आमचं जहाज तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या ओडेसा बंदराला लागलं होतं, मी तेव्हा फोर्थ इंजिनियर. आपल्या चहाला तिकडे सोन्याचा भाव. अर्ध्या किलोच्या पुड्याच्या बदल्यात एका विंचवाल्याने मला हे पाकीट दिलं. वरती नकाशा बघून मी खुणेने विचारलं, हे काय? तो म्हणाला, "कनाल." मग इकडेतिकडे बघून त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आडवी-उभी धरली, चेहऱ्यासमोर, आणि त्या चौकोनांतून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मासेमारीचं जाळं म्हणतोय. मान डोलावली आणि इंजिनरूममध्ये निघून गेलो.

आता मालाविषयी. ही आपल्यासारखी सिगारेट नाही, तिकडे हिला पापिरोसा म्हणतात. फिल्टर नाही. पुढे इवलासा तंबाखू, मागे पुठ्ठ्याची लांबलचक पोकळ नळी. ती नळी दोन जागी चिमटून चपटी करायची आणि मग ओढायची. आमच्या नेरूळ स्टेशनजवळच्या टपरीवाल्याने एक हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "काका, ह्यात अर्धं तर रिकामंच आहे. फसवलं तुम्हाला." जाड हातमोजे घालून धरता यावी म्हणून नळी लांब, असं तिकडचे लोक सांगतात. मे महिन्यात नेरूळला हातमोजे कोण घालणार? एक झुरका त्याने मारला, एक मी (हे घरी कळू नये). कोरडी, कडक, घशात किसणी फिरवल्यासारखी. तो दोन मिनिटं खोकत होता, मी पाच.

पण पाकीट! नकाशा अजून तोच आहे. फरक एवढाच की आता वरच्या अर्ध्या भागावर सरकारी इशारा आणि आजारी फुप्फुसाचा फोटो छापलाय. उत्तर वरच्या बाजूला असल्यामुळे श्वेत समुद्र बरोबर त्या फोटोखाली गेला. ज्या समुद्रासाठी एवढा कालवा खणला, तोच दिसत नाही.

कालवा म्हणजे श्वेत समुद्र ते ओनेगा तळं, २२७ किलोमीटर; तिथून पुढे नद्यातळ्यांतून बाल्टिक समुद्र. स्टालिनला तो हवा होता, लवकर हवा होता आणि स्वस्तात हवा होता. नोव्हेंबर १९३१ ते १९३३चा उन्हाळा, वीस महिने. बराचसा मार्ग तळ्यानद्यांतून जातो हे खरं, पण बाकीचा तिथल्या कारेलिया प्रांताचा ग्रॅनाइट फोडून काढायचा होता. मी सुएझमधून किती वेळा गेलो ते आता मोजत नाही. तिथे वाळू होती आणि तरी दहा वर्षं लागली. तिथेही सुरुवातीला इजिप्तचे शेतकरी वेठीला धरून आणले होते, एका वेळी वीस हजार. इकडे १९३२च्या अखेरीस एक लाखावर कैदी होते. त्यांना नाव दिलं होतं कनालोआर्मेयेत्स, म्हणजे कालव्याचा सैनिक. सैनिकाच्या हातात कुदळ आणि लाकडी हातगाडी. जेवढं काम, तेवढी भाकरी.

इंजिनियर म्हणून माझी नजर अडकते ती लॉकवर. लॉक म्हणजे जहाजाची लिफ्ट. ओनेगा तळ्यावरच्या पोवेनेत्सपासून सात लॉकनी वर चढायचं, मग बारा लॉकनी समुद्राकडे उतरायचं. पोलाद आणि सिमेंट देणार नाही असं वरून आलेलं. मग कैदी इंजिनियरांनी काय केलं? हो, कैदी इंजिनियर. घातपाती म्हणून पकडून आणलेली चांगली चांगली माणसं. त्यांनी लॉकचे दरवाजे लाकडाचे केले. भिंतींसाठी ओंडक्यांच्या पेट्या बांधून त्यात दगड भरले. लाकूड पाण्यात फुगतं, फटी आपोआप बंद होतात. डोकं लावलंय हे मान्य करावंच लागतं. दगड वाहायला चार लाकडी चकत्यांवर एक जड गाडा केला, त्याला घोडा जुंपायचे. कैद्यांनी त्या गाड्याचं नाव ठेवलं होतं 'फोर्ड'.

आणि एवढं करून खोली किती? ३.६५ मीटर. आमच्या त्या ओडेसाच्या जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, भरल्यावर नऊ मीटर व्हायचा. समुद्राला समुद्र जोडला, पण मोठं जहाज आत शिरणार नाही.

जुलै १९३३मध्ये स्टालिन बोटीतून बघून गेला, ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं, त्याच महिन्यात १२० लेखकांना सहलीला नेलं आणि पुढच्या वर्षी लेखक मक्सिम गॉर्कीच्या संपादनाखाली कौतुकाचा जाडजूड ग्रंथ निघाला. १९३७मध्ये तो ग्रंथ काढून टाकला, कारण त्यात ज्यांची स्तुती होती ते अधिकारीच पकडले गेले. कालवा झाल्यावर बक्षीस म्हणून १२,४८४ कैदी सोडले. मेले किती? सरकारी दप्तरातसुद्धा बारा हजारांवर नोंदी आहेत. काही इतिहासकार २५ हजारांपर्यंत जातात.

सिगारेट बाजारात आली ती १९३२ला. म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या आधी लेनिनग्राडच्या (आताचं सेंट पीटर्सबर्ग) कारखान्यातून पाकिटं निघाली होती. आमच्या उलव्यात पाया खणायच्या आधी होर्डिंगवर स्विमिंग पूल दिसतो, तसंच. पुढे मॉस्को-व्होल्गा आणि व्होल्गा-डॉन कालवे झाले, तेही कैदी राबवूनच, आणि तेही नकाशावर चढले. कालवे सगळे ठळक रेघेने. खणणाऱ्यांची कुठे टिंबाएवढी खूण नाही. हेच पाकीट खिशात घालून माणसं सत्तर-ऐंशी वर्षं कामाला गेली.

भाची घरी आली त्या संध्याकाळी मी चहा पिताना तिच्यासमोर तशीच बोटं धरली, आडवी-उभी. म्हटलं, ओळख.

"जेल," ती बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली. "तिकडे सगळे असंच करतात. तुला कुठून माहीत?"

बायको म्हणाली, "काय माहीत?" मी विषय बदलला.

पॅकिंगबद्दल एक तक्रार: पाकीट पातळ कागदाचं, बॅगेत चेपून आलं. नवं मागवायचा विचार नाही. रिकामं पाकीट शोकेसमध्ये ठेवलंय, जहाजाच्या घड्याळाशेजारी. उरलेल्या तेवीस टपरीवाल्याला दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने बावीस परत केल्या.