रिस्क घेतलाय? मग पहिला फासा टाकायच्या आधी घरचे नियम लिहून घ्या

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर बेळगावचा पाऊस, लाईट येऊन-जाऊन, म्हणून कपाटावर धूळ खात पडलेला रिस्क ह्या जग जिंकायच्या बोर्डगेमचा डबा खाली काढला. पाच जण बसलो: मी, बायको, धाकटा भाऊ, पुण्याची चुलतबहीण आणि मराठा रेजिमेंटमधून रिटायर झालेले मामा. पहिला डाव साडेचार तास चालला आणि शेवटी कुणी कुणाशी बोलेना. तेव्हा डब्यातल्या नियमांनी खेळायचं असेल तर मी म्हणेन घेऊ नका, पण घरचे नियम ठरवून खेळलात तर पाच जणांना जागेवर बसवून ठेवणारा असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जगाचा नकाशा, 6 खंड, 42 प्रदेश, पाच जण असले की प्रत्येकाला 25 सैन्य. हल्ला करणारा तीनपर्यंत फासे टाकतो, बचाव करणारा दोनपर्यंत, मोठ्याला मोठा लावून बघायचा आणि बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो (ह्या एका ओळीवर मामांनी पाऊण तास घेतला). तरी तीनाला दोन फासे असताना फायदा हल्ला करणाऱ्याचाच, साधारण 37 टक्के वेळा समोरच्याची दोन्ही सैन्यं जातात, आपली दोन्ही 29 टक्के वेळा, बाकी एकेक. म्हणजे नुसतं दडून बसणाऱ्याचं काही खरं नाही.

दडून बसायची जागा मात्र एक आहे, ऑस्ट्रेलिया! आत शिरायला सयामकडून (म्हणजे थायलंडकडून) इंडोनेशिया एवढी एकच वाट, चार प्रदेश धरले की दर पाळीला 2 सैन्य फुकट. भाऊ दरवेळी तिथंच. मामा ओरडतात, "काय करूलास गा तिथं बसून, लढ की!" तर आमचा पहिला नियम, ऑस्ट्रेलियाला 2 नाही, 1च.

दुसरा नियम पत्त्यांचा, ज्यांच्यावर पायदळ, घोडा नाहीतर तोफेचं चित्र असतं. तीन पत्त्यांचा सेट दिला की आधी 4 सैन्य, मग 6, 8, 10, 12, 15 आणि पुढं प्रत्येक सेटला 5 वाढत जातात, त्यामुळं दोन तास डोकं लावून उभं केलेलं सगळं एका सेटमध्ये वाहून जातं, पहिल्या डावात बायकोची अख्खी आफ्रिका अशीच गेली. आता आम्ही तीन पायदळाला 4, तीन घोड्यांना 6, तीन तोफांना 8 आणि तिन्ही वेगळे असले तर 10, एवढंच ठेवलंय, वाढ बंद.

खरी मजा तहात. तह कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायचा, दोघांच्या सह्या, मुदत दोन पाळ्या. मोडता येतो, पण मोडणाऱ्याला पुढच्या पाळीला नवीन सैन्य शून्य. हा नियम आल्यापासून भांडण राहिलं नाही असं नाही, पण निदान कागद दाखवून भांडतात. आणि कुजबूज कन्नडमध्ये करायची नाही, कारण मी आणि भाऊ तेच करत होतो आणि पुण्याच्या बहिणीला काय कळणार, ती बिचारी भारतात अडकलेली, मध्यपूर्व, अफगाणिस्तान, चीन, सयाम चारी बाजूंनी आम्हीच. "तुमच्या सीमाप्रश्नात मला कशाला घेता" म्हणाली.

वेळेचा नियम सोपा, रात्रीच्या आरतीची घंटा वाजली की खेळ बंद, ज्याचे प्रदेश जास्त तो जिंकला.

डब्याबद्दल म्हणाल तर बोर्ड जाड आहे, फासे बरे आहेत. पण दुकानातच डबा उघडून सैन्य आणि पत्ते मोजून घ्या, 42 प्रदेशांचे पत्ते आणि 2 जोकर पाहिजेत. आमच्यात पिवळं पायदळ कमी निघालं, दुकानदार म्हणाला पॅक डबा आहे, मी काय करू. सध्या कमी पडेल तिथं तुरीची डाळ मांडतो. मामा डाळीचं सैन्य घ्यायला तयार नाहीत, म्हणून पिवळा कायम माझ्या गळ्यात.