तड्यांचं मॉड्यूल आठ महिने वापरलं, आणि एका चौकटीनं सहा आठवडे खाल्ले

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या तिघांच्या ऑफिसात हे फेज-फील्ड मॉड्यूल आठ महिने चालतंय. सॉफ्टवेअर कंपनीशी वाद मिटलेला नाही, म्हणून तिचं नाव लिहीत नाही. फेज-फील्ड म्हणजे भाग कुठे आणि किती भाराला तडकेल हे कॉम्प्युटरवर काढायची एक पद्धत; तीत तडा बारीक रेघ न धरता पसरट पट्टा धरतात. आता थेट तक्रारीवर येतो.

त्या पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा म्हणजे लेंग्थ स्केल. तो भरायची चौकट रिकामी सोडली, की हे सॉफ्टवेअर एलिमेंटच्या, म्हणजे हिशोबासाठी भागाचे जे बारीक तुकडे पाडतात त्यातल्या एकाच्या, दुप्पट आकडा स्वतःच धरतं. इशारा नाही, रिपोर्टमध्ये नोंद नाही.

काम होतं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्रॅकेटचं, ग्रेड एफजी २६०, म्हणजे ओढून तुटायची (तन्य) ताकद २६० एमपीए. १ मिमी मेशवर (एलिमेंटच्या जाळीवर) कोपऱ्यातल्या मोठ्या गोलाईत तडा फार लवकर उघडला. मी कारखान्याच्या शेठना जाडी वाढवायला सांगून मोकळा झालो. नंतर खात्रीसाठी मेश निम्मी केली, तर तोच ब्रॅकेट जवळजवळ ४० टक्के जास्त भार घ्यायला लागला. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हिसला मेलवर मेल, फोनवर फोन. उत्तर एकच : "सर, मेश अजून बारीक करा." केली. ताकद आणखी वाढली! वार्षिक लायसन्सचे पैसे मोजून हे ऐकायचं?

सॉल्व्हरच, म्हणजे आतलं गणित करणारा भागच, बिघडलाय असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. ते चूक होतं. आधीपासून लांब तडा असलेली पट्टी चालवून पाहिली, तर मेश बदलून भार फारसा हलेना. हातानं काढलेल्या उत्तराच्या साधारण १२ टक्के वर येत होता, पण एलिमेंट लेंग्थ स्केलच्या निम्मं असलं की एवढा फरक पडतोच. म्हणजे तडा वाढायला किती ऊर्जा लागते याचा ग्रिफिथनं १९२१ मध्ये मांडलेला हिशोब सॉल्व्हर नीट करत होता.

गोलाईत मात्र तडा अजून जन्मायचाय. तो कुठल्या ताणाला जन्मेल हे लेंग्थ स्केल ठरवते, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात : ती निम्मी, तर ताकद १.४१ पट. म्हणून ती मेशवरून नाही, मालावरून काढायची. एटी-२ या फेज-फील्डच्या नेहमीच्या मॉडेलला फ्रॅक्चर टफनेसच्या (असलेला तडा वाढायला माल किती विरोध करतो त्या आकड्याच्या) वर्गाला तन्य ताकदीच्या वर्गानं भागायचं, २७ नं गुणायचं, २५६ नं भागायचं. या बिडाची टफनेस २० एमपीए रूट मीटर धरली, तर ०.६२ मिमी येते, आणि एलिमेंट ०.३१ च्या वर नको. माझ्या पहिल्या रननं २ मिमी धरले होते. २६० एमपीएचं बीड १४५ चं समजून मी शेठना ओतकामाचा पॅटर्न बदलण्याच्या खर्चात घालत होतो. हे मला आजही टोचतं.

बाकी कौतुकच आहे. तड्याची वाट आधी सांगावी लागत नाही. तो वळतो, फुटतो, दुसऱ्याला मिळतो. १९९९ पासूनच्या एक्सएफईएम या दुसऱ्या पद्धतीतही तडा एलिमेंटमधून आरपार जातो, पण दोन तडे मिळायला लागले की आमची दमछाक व्हायची. दाबाखालचा भाग फुटू नये म्हणून ऊर्जा वाटायचा पर्याय आहे, तो चालू करायला विसरू नका. एक रन रात्रभर चालतो आणि पावसाळ्यात इथे वीज जाते, तेव्हा रीस्टार्ट फाईल (थांबलेला रन तिथूनच पुढे चालवायची नोंद) दर तासाला ठेवा.

शेठना सुधारलेला रिपोर्ट फुकट दिला. जाडी होती तीच राहिली. ३१ मार्चला लायसन्स संपतंय. ती चौकट रिकामी असताना रन थांबवणारा पॅच त्याआधी आला, तरच मी चेक फाडणार आहे, तोही एका वर्षाचा.