निकॉन एफएम२ की ऑलिंपस ओएम-१?

रोलवर फोटो काढायचं एकदा मनावर घेतलं, की शोध फिरून फिरून याच दोन कॅमेऱ्यांपाशी येतो. कॅनन एई-१ देखणा आहे, सहज मिळतोही, पण त्याचं शटर सेलवर चालतं. सेल संपला की कॅमेरा ठप्प. पेंटॅक्स के१००० शिकायला उत्तम, तरी त्यावर हात बसला की आणखी काहीतरी हवंसं वाटायला लागतं. सगळं स्वतःच्या हाताने ठरवायचंय, आणि सेल असो-नसो शटर पडलंच पाहिजे असा ज्याचा आग्रह आहे, तो शेवटी निकॉन एफएम२ आणि ऑलिंपस ओएम-१ यांच्यात घुटमळतो. या दोन्हींना सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता.

मी दोन्ही भरपूर वापरलेत. आज कपाटात एकच आहे. दुसरा विकताना जीवावर आलं होतं, आणि ज्याने तो घेतला तो त्याच्यावर खूश आहे. त्यामुळे पुढचं सगळं एका माणसाच्या हाता-डोळ्यांचा अनुभव म्हणूनच वाचा.

आधी एफएम२, कारण बाजारात त्याचाच बोलबाला जास्त. १९८२ साली तो आला तेव्हा १/४००० सेकंदापर्यंत जाणारं शटर असलेला तो पहिला एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) होता, आणि तेही पूर्ण यांत्रिक. शटरची पाती टायटॅनियमची, वजन आणखी कमी व्हावं म्हणून त्यांच्यावर षटकोनी नक्षी कोरलेली. १९८४ मध्ये सुधारित एफएम२एन आला, त्यात फ्लॅशसोबत चालणारा शटरचा कमाल वेग १/२०० वरून १/२५० झाला. पुढे पाती अ‍ॅल्युमिनियमची झाली. मिळाला तर एनच घ्या. मागच्या बाजूला सिरियल नंबरच्या आधी एन हे अक्षर असतं.

आपल्याकडच्या उन्हात १/४००० ही चैन नाही, गरज आहे. चारशेचा (उजेड चटकन टिपणारा) रोल घातलाय, एप्रिलमधली दुपार आहे आणि समोरच्या माणसाच्या मागची गर्दी धूसर करायचीय. एफएम२ वर लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/५.६ पर्यंत आरामात उघडता येतं (आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं आणि मागचं जास्त धूसर). ओएम-१ चं शटर १/१००० ला थांबतं, म्हणजे त्याच उन्हात तुम्ही एफ/११ वर अडकता आणि मागची प्रत्येक पाटी फोटोत स्वच्छ वाचता येते. उपाय आहेत: शंभरचा रोल घाला, नाहीतर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. पण उपाय करावा लागतो हे खरं, आणि इथे एफएम२ सरळ पुढे आहे.

मजबुतीचंही तेच. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला, नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावर आलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो एफएम२ वरचाच. धूळ, थंडी, सेलची मारामार अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी हा कॅमेरा उगाच जवळ बाळगला नाही. शिवाय तो २००१ पर्यंत बनत होता, तर ओएम-१ चं उत्पादन १९८७ च्या सुमारास थांबलं. म्हणजे आज हातात येणारा एफएम२ वयाने बराच लहान असू शकतो, आणि यंत्राच्या बाबतीत वय मोजावंच लागतं. लेन्सची तर ददातच नाही. निकॉनच्या जुन्या एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग, म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर मीटरला आपोआप कळवणाऱ्या) लेन्स मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातही मिळतात आणि एखाद्या काकांच्या कपाटातही. त्यापेक्षा जुन्या, एआय नसलेल्या लेन्स मात्र एफएम२ वर चढवू नका.

एवढं सगळं असताना ओएम-१ घ्यायचा कशाला?

तो डोळ्याला लावून बघा. ऑलिंपसचे अभियंते योशिहिसा माइतानी यांनी हा कॅमेरा घडवला तेव्हा एसएलआर म्हणजे गळ्यात धोंडा अशीच परिस्थिती होती. त्याआधी पेन हा छोटा हाफ-फ्रेम (एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो घेणारा) कॅमेरा त्यांनीच काढला होता, त्यामुळे लहान जागेत यंत्र बसवण्यात त्यांचा हातखंडा. १९७२ मध्ये हा कॅमेरा एम-१ या नावाने आला. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने नावाला हरकत घेतली म्हणून पुढच्या वर्षी ओएम-१ झाला. बॉडीचं वजन साधारण ५१० ग्रॅम. एफएम२ ५४० च्या आसपास, म्हणजे कागदावर फरक किरकोळ. पण एफएम२ त्याच्यानंतर दहा वर्षांनी आलाय, आणि तो इतका आटोपशीर झाला त्यात ओएम-१ चाही वाटा असावा असं मला वाटतं. खरा फरक लेन्स लावल्यावर कळतो. ऑलिंपसच्या झुइको लेन्स इतक्या लहान आहेत की ५० आणि २८ एमएम अशा दोन घेऊनही खांद्यावरची पिशवी जड वाटत नाही.

आणि व्ह्यूफाइंडर! कॅमेरा एवढा लहान आणि आतून एवढा मोठा, हे पहिल्यांदा बघताना खरंच वाटत नाही. आकडे सांगायचे तर ०.९२ पट मोठेपणा आणि फ्रेमचा ९७ टक्के भाग. एफएम२ मध्ये ०.८६ आणि ९३ टक्के. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं हे की ओएम-१ मधून फोकस करताना माणसाच्या पापण्या वेगळ्या दिसतात. एफएम२ चा व्ह्यूफाइंडर चांगलाच आहे, पण तो खिडकीतून बघितल्यासारखा वाटतो. ओएम-१ मध्ये ती खिडकी जाणवत नाही.

वेग बदलायची रिंग ओएम-१ मध्ये वरच्या चकतीवर नाही, लेन्सच्या बुडाशी आहे. अ‍ॅपर्चर लेन्सच्या पुढच्या टोकाला, मध्ये फोकस, मागे वेग: तिन्ही गोष्टी डाव्या हातात, आणि उजव्या हाताचं बोट शटरच्या बटणावरून हलत नाही. निकॉनवरून येणाऱ्याला सुरुवातीला अवघड जातं, कारण जिथे वेगाची चकती शोधतो तिथे फिल्म स्पीडची चकती सापडते. हात बसला की मात्र परत जावंसं वाटत नाही. एक उणीव इथेच सांगतो: ओएम-१ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये वेग दिसत नाही, अ‍ॅपर्चरही नाही. एफएम२ मध्ये दोन्ही दिसतात. ओएम-१ वर तुम्हाला रिंगचे खटके मोजत राहावं लागतं, नाहीतर कॅमेरा खाली घेऊन बघावं लागतं.

मीटरचा प्रश्न आवडीचा आहे. एफएम२ मध्ये अधिक, शून्य, उणे असे लाल दिवे लागतात. संध्याकाळी, देवळाच्या गाभाऱ्यात तेच दिसतात. ओएम-१ मध्ये काटा आहे, अंधारात तो गायब होतो. पण उजेडात मला काटाच बरा वाटतो. ढग सरकला की काटा हळूच कलतो, आणि किती कलला त्यावरून किती दुरुस्ती करायची ते लगेच कळतं. उणे पेटलं तर उजेड कमी आहे एवढंच समजतं; थोडा की फार, ते रिंग फिरवून बघावं लागतं.

इथपर्यंतचा हिशेब मांडला तर पारडं एफएम२ कडेच झुकतं, हे मी मान्य करतो. माझा निर्णय फिरला तो एका लिव्हरमुळे.

एफएम२ ची रोल ओढायची लिव्हर पूर्ण आत दाबलेली असली की शटर लॉक असतं आणि मीटर बंद. फोटो काढायचा तर ती तीसेक अंश बाहेर ओढून तशीच ठेवायची. यामागचा विचार चांगला आहे: बॅगेत फ्रेम वाया जात नाही, सेल उगाच उतरत नाही. जो उजवा डोळा लावतो त्याला यात काहीही वावगं वाटणार नाही, कारण बाहेर आलेली लिव्हर त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला हवेत राहते. मी डावा डोळा लावतो आणि मला चष्मा आहे. डावा डोळा लावला की कॅमेऱ्याचा उजवा अर्धा भाग उजव्या डोळ्यासमोर येतो, आणि लिव्हरचं टोक थेट चष्म्याच्या उजव्या काचेवर टेकतं. चष्मा नसेल तर भुवईवर.

एखाद-दुसऱ्या फोटोपुरतं हे चालून जातं. पण मी काढतो ते फोटो वाट बघून काढायचे असतात. आषाढी वारीत दिवे घाटात माउलींची पालखी वळणावर यायची असते, पावसाची बारीक भुरभुर चालू असते, आणि कॅमेरा डोळ्याला लावून बराच वेळ उभं राहावं लागतं. फ्रेम ठरलेली असते. पताका आणि टाळ घेतलेले हात कोणत्या क्षणी जुळून येतात एवढंच बघायचं असतं. त्या वेळात काचेवर ते टोक टकटक करत राहतं. काचेवर पाणी, त्यावर लिव्हरने ओढलेला फराटा. मग अंगठा आपसूक तिला आत ढकलतो, कारण शरीराला जे टोचतं ते शरीर बाजूला करतंच. आणि नेमकी दिंडी वळणावर आली, बोट दाबलं, की बटण खालीच जात नाही. लॉक. लिव्हर पुन्हा बाहेर काढून फोटो घेईपर्यंत समोरचे वारकरी पुढे निघून गेलेले असतात आणि मागचे अजून आलेले नसतात.

यावर उपाय शोधले. एमडी-१२ मोटर ड्राइव्ह लावला तर लिव्हर आत ठेवूनही फोटो निघतात, पण त्यात आठ पेन्सिल सेल घालायचे, आणि मग हलक्या यांत्रिक कॅमेऱ्याचा अर्थच उरत नाही. उजवा डोळा लावायची सवय करा, असंही सुचवलं जातं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावी. ज्या डोळ्याने आपण जग बघतो तो बदलून फोटो काढणं मला जमलं नाही, आणि जमवावं असंही वाटलं नाही.

ओएम-१ मध्ये लिव्हर बॉडीला चिकटून राहते आणि शटर तरीही मोकळं असतं. मीटरचं बटण वर डाव्या कोपऱ्यात वेगळं आहे. सकाळी चालू करायचं, घरी आलं की बंद. पुढची फ्रेम ओढताना डाव्या डोळ्याच्या माणसाला कॅमेरा थोडा दूर घ्यावा लागतो, ते दोन्हींवर सारखंच. पण वाट बघताना ओएम-१ चेहऱ्याला काही करत नाही. आवाजाचाही फायदा झाला: त्याचं कापडी शटर आणि हवेच्या दाबाने सावरलेला आरसा यांचा आवाज दबका आहे. एफएम२ चं धातूचं शटर खणकन वाजतं आणि कीर्तनात पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात.

अर्थात ओएम-१ ची स्वतःची दुखणी आहेत आणि ती घेण्याआधीच माहीत हवीत. पहिलं सेलचं. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलाय. ते सेल आता बनत नाहीत. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण रीडिंग चुकतं. मी कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल वापरतो. तो १.४ व्होल्टच्या जवळपास असतो, औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतो. आकाराने लहान म्हणून बाहेरून रबरी रिंग लावायची. स्टिकर काढला की वापरा न वापरा, काही महिन्यांत तो संपतो. व्होल्टेज उतरवणारं अ‍ॅडॉप्टरही मिळतं, ते एकदा घेतलं की कटकट मिटते. एफएम२ ला लागणारे एलआर४४ सेल मात्र कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही असतात.

दुसरं दुखणं गंभीर आहे. ओएम-१ च्या प्रिझमभोवती (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सुलट दाखवणारी काच) कारखान्यातून फोमची पट्टी लावलेली असे. इतक्या वर्षांत ती विरघळून चिकट होते आणि प्रिझमचा चांदीचा मुलामा खाते. व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट रेघ किंवा डाग दिसला तर समजा हेच झालंय. फोटोवर त्याचा परिणाम होत नाही, पण ज्या व्ह्यूफाइंडरसाठी हा कॅमेरा घ्यायचा तोच बिघडलेला असेल तर काय उपयोग? लेन्समधल्या बुरशीचं वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात कोणतीही लेन्स असो, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचीच.

तेव्हा तुम्ही उजवा डोळा लावत असाल, भर उन्हात उघड्या अ‍ॅपर्चरवर काम करायचं असेल, किंवा घरात निकॉनच्या लेन्स पडून असतील, तर निश्चिंतपणे एफएम२ घ्या. त्याहून भरवशाचा यांत्रिक कॅमेरा या किमतीत मिळणं कठीण. डावा डोळा, चष्मा, किंवा तासन्‌तास कॅमेरा डोळ्याला लावून वाट बघायची सवय, यातलं एक जरी तुम्हाला लागू असेल, तरी मी ओएम-१ च सुचवेन. शक्य असेल तर दुकानात जाऊन एफएम२ ची लिव्हर बाहेर काढा आणि चष्म्यासकट पाचेक मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा, आडवा आणि उभा दोन्ही धरून.

ओएम-१ ऑनलाइन शोधताना नावासोबत ३५ एमएम किंवा फिल्म असं लिहा, नाहीतर २०२२ साली त्याच नावाने आलेला डिजिटल कॅमेराच समोर येत राहतो. आणि पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून व्ह्यूफाइंडरमधून आकाशाकडे रोखून काढलेला एक फोटो मागवून घ्या. प्रिझम खराब असेल तर त्यात लपत नाही.