समुद्रासमोरची खोली: हॅवलॉकमधल्या अख्ख्या उन्हाळ्यानंतर

गेल्या आठवड्यात हॉटेलमालकाचा फोन आला. पुढच्या मार्चपासून समुद्रासमोरच्या कॉटेजचं भाडं वाढतंय, तुम्ही जुने पाहुणे, तुम्हाला यंदाच्याच भावात देतो, ॲडव्हान्स टाका. मी म्हणालो, पुढची नको, मागच्या रांगेतली द्या. त्याला खरंच वाटेना. जळगाव-भुसावळकडची बरीच मंडळी आता अंदमानला जायला लागली आहेत आणि ‘सी फेसिंग’ एवढं वाचून जास्तीचे पैसे भरून मोकळी होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं कारण साधं होतं. मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं जळगाव आईला आता सोसत नाही. माझं काम डाळ मिलवाल्यांचे हिशेब आणि जीएसटीचं, ते लॅपटॉपवर कुठूनही होतं. नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, पुढे बोटीने हॅवलॉक (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप). मार्च ते मे असा महिन्याच्या बोलीवर भाव ठरवला. हॉटेल पाच नंबरच्या बीचवर, म्हणजे विजयनगरला. बांबू आणि लाकडाची मोजकी कॉटेजेस, पुढे वाळू, मागे सुपारीची बाग. स्वच्छता उत्तम, माणसं प्रेमळ, त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या बाजूच्या जवळपास सगळ्याच हॉटेलांना लागू आहे.

पुढची आणि मागची खोली यांच्या भाड्यात दिवसाला बाराशेचा फरक होता. हा फरक कशाचा? समुद्राचा. आणि समुद्र तिथे दिवसातला बराच वेळ नसतो.

वेबसाइटवरचे सगळे फोटो भरतीचे. आम्ही दुपारी पोचलो, तेव्हा पाणी पार लांब गेलेलं आणि समोर उन्हाळ्यातल्या गिरणेच्या पात्रासारखे नुसते दगड आणि डबकी. ते दगड म्हणजे मेलेलं प्रवाळ, अनवाणी चाललं तर पाय कापतो. सामान उचलणारा पोरगा म्हणाला, ‘दादा, अभी भाटा है, पानी आ जाएगा.’ आलं, पण अंधार पडल्यावर. तिथे एप्रिलमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण आपलं घड्याळ तेच, पण जळगावपासून जागा सतरा अंश पूर्वेला. आणि पाच नंबर पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्तही खोलीतून दिसत नाही.

मग मी वहीत रोजची भरती-ओहोटी लिहायला लागलो. चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दोन भरत्यांपैकी एक बहुतेक वेळा रात्रीत जाते. उरलेली दिवसाची, तीही कधी भर उन्हात, कधी माझ्या कामाच्या वेळेत. दिवसाउजेडी कमरेइतकं, पोहण्याजोगं पाणी सरासरी चार-साडेचार तास. बाराशे भागिले साडेचार करून बघा. याच बेटाच्या पश्चिमेला जेटीपासून बारा किलोमीटरवर राधानगर आहे, सात नंबर. तिथे तळाशी वाळू आहे, ओहोटीतही पोहता येतं आणि सूर्यास्त समोर होतो. पण तिथे समुद्राजवळ राहायचं तर आपल्या खिशाबाहेरचा मामला. त्यामुळे स्वस्तातला मार्ग हाच: राहायचं तीन किंवा पाच नंबरला, पोहायला बसने किंवा भाड्याच्या स्कूटीने सात नंबरला. आणि एकदा हे ठरलं की पुढच्या खोलीचे बाराशे कशासाठी, हा प्रश्न राहतोच.

एप्रिलच्या सुरुवातीला मी मालकाकडे खोली बदलून मागितली. महिन्याचा ठरलेला भाव कमी होणार नाही, असं त्याचं म्हणणं. दोन-तीन दिवस बोलणं ताणलं. त्यात बिलात जनरेटरचे वेगळे पैसे लावलेले निघाले. बेटावरची वीज डिझेलच्या पॉवरहाऊसची, ती जाते, जनरेटर लावावा लागतो, हे मला मान्य आहे, पण मग ते बुकिंग करतानाच सांगायला हवं. शेवटी जनरेटरचे पैसे अर्धे झाले आणि आम्ही मागच्या खोलीत गेलो, कमी भाड्यात.

मागे गेल्यावर झोप सुधारली. सुपारीची सावली दिवसभर, पंख्यावर भागायचं, एसी क्वचितच लावला. पुढच्या खोलीत खाऱ्या वाऱ्याने लॅपटॉपचं चार्जिंगचं भोक गंजायला लागलं होतं, आईने नेलेले पापड डबा उघडताच सादळायचे, टॉवेल कधी पुरता वाळला नाही. मागे हे सगळं निम्म्यावर आलं. कामही नीट झालं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रातून टाकलेली केबल हॅवलॉकपर्यंत पोचल्यापासून तिथे पोर्टलवर रिटर्न भरण्याइतकं नेट मिळतं.

पण एक गोष्ट पुढच्या खोलीच्या बाजूने सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर माझं मत थोडं बदललं. अमावास्येला उधाणाची भरती येते. त्या रात्री आम्ही पुढच्या रिकाम्या कॉटेजच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. पाणी वाळू ओलांडून समुद्री महुआच्या मुळांपर्यंत आलं. आई काही बोलली नाही, पण उठायलाही तयार नव्हती. म्हणून आता माझा सल्ला असा: पुढची खोली घ्यायचीच असेल तर दिनदर्शिका उघडून अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दोन-तीन दिवस घ्या आणि बाकीचे दिवस मागे राहा. त्याच दिवसांत ओहोटीही सगळ्यांत लांब जाते, हे धरून चाला. लहान मुलं बरोबर असतील तर उलट अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भरती आणि ओहोटी यांत फरक कमी असतो, पाणी फार पळून जात नाही.

ओहोटीचंही पुढे वेगळंच वेड लागलं. सकाळी डबक्यांत खेकडे, निळे छोटे मासे आणि समुद्रकाकड्या दिसतात. मात्र जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका आणि काही उचलू नका. प्रवाळ आणि समुद्रकाकडी दोन्हींना वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात.

जेवणाचं थोडक्यात. मासे खाणाऱ्याची चंगळ. आई शाकाहारी, तिचे पहिले दिवस डाळ-भातावर गेले. मग शेजारच्या नील बेटावरून येणाऱ्या भाजीत वांगी दिसली आणि तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. नारळाच्या सोडणांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आचाऱ्याने नंतर स्वतःहून इतर पाहुण्यांनाही वाढलं. केळी मात्र तिथे नगावर विकत घ्यावी लागतात, आणि रावेर-यावलच्या माणसाला ते जड जातं.

मेचं बुकिंग करणाऱ्यांसाठी. भाडी पडतात हे खरं, पण मान्सून अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. आमची झाली. बोटीचे पैसे परत मिळाले, पोर्ट ब्लेअरच्या त्या रात्रीच्या खोलीचे बुडाले. परतीच्या विमानाआधी दोन रात्री हातात ठेवा आणि पोर्ट ब्लेअरची खोली आगाऊ पैसे न भरता मिळते का ते फोन करून विचारा. हॅवलॉकच्या मालकाला मात्र आधी एवढंच विचारा: ‘आम्ही येतोय त्या तारखांना दुपारी पाणी कुठे असतं?’ फोटो मागायचा तर ओहोटीच्या वेळचा, त्याच्याच मोबाइलवरून काढलेला.