नऊ ठोकळे कमी असलेलं साम्राज्य : सात महिन्यांनंतर

साम्राज्य आणि प्रांतांचा हा बोर्ड गेम घेऊन सात महिने झाले. एक जण सम्राट होतो, बाकीचे एकेक प्रांत सांभाळतात. 3,200 रुपये मोजले आणि खोक्यात धान्याचे पिवळे ठोकळे 40 ऐवजी 31 निघाले. तिथूनच डोकं फिरलं.

तक्रार केली तर म्हणे, खोकं फोडतानाचा व्हिडिओ पाठवा. अहो, बारसं होतं का व्हिडिओ काढायला? दोन महिने ईमेलची टोलवाटोलवी. शेवटी हरभऱ्याची डाळ वापरायला लागलो. एकदा दोन प्रांतांचं धान्य कुणीतरी भडंगाबरोबर खाऊन टाकलं. राजधानीवर पडलेला तेलाचा डाग अजून आहे.

पण खरी खोट सतराव्या पानावर. सम्राट प्रत्येक प्रांताच्या पिकातला चौथा हिस्सा उचलतो, दुष्काळाचं कार्ड पडलं तरी उचलतो. बदल्यात काय द्यायचं, याची अख्ख्या नियमपुस्तकात एक ओळ नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी पहिल्याच शनिवारी यावरून जुंपली. आमच्यातला वकील म्हणाला, "चौथाईलासुद्धा अट असते भावा. 1719 च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनची चौथ मिळाली, पण बादशहासाठी 15 हजारांची फौज ठेवायच्या बोलीवर. इथं नुसतं घेणं." चहा घेऊन आलेली आई तेवढ्यात म्हणाली, "1896 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली होती. तुमच्या सम्राटाला काय धाड भरलीय?"

झालं, घरचा नियम ठरला. दुष्काळात करमाफी, वर सम्राटानं प्रत्येक प्रांताला दोन ठोकळे द्यायचे. तेव्हाच हे लिहायला बसलो असतो तर 'आता खेळ झकास' म्हणून मोकळा झालो असतो. बरं झालं, आळस केला. तीन शनिवारांत प्रांतांनी कोठारं बांधणंच सोडलं. मीही सोडलं, खोटं कशाला बोलू! सम्राटाचंही काही जात नव्हतं, डाळीच्या डब्यात हात घालायचा आणि मूठभर वाटायची. मग डबा स्वयंपाकघरात परत गेला आणि आम्ही 31 वरच खेळायला लागलो. एकाला दिलं की दुसऱ्याचं घटतं, हे तेव्हा कुठं दिसायला लागलं. म्हणजे ज्यावर मी दोन महिने शिव्या घातल्या, त्या टंचाईनंच खेळात जीव आणला. कंपनीला मात्र हे कळवलेलं नाही.

आमच्यातला एक गडी प्रयाग चिखलीचा, म्हणजे पंचगंगेच्या पुरात बुडणाऱ्या गावचा. तो कायम नदीच्या खालच्या अंगाचा प्रांत घेतो. पावसाळ्यातल्या एका डावात सम्राटानं वरचा बंधारा उघडला, याच्या तीन वस्त्या गेल्या. सम्राटानं मोठ्या दिलानं चार ठोकळे पुढं सरकवले. यानं ते एका बोटानं परत ढकलले.

"2019 ला पाणी ओसरल्यावर किट मिळालं की आम्हाला. तेल, तांदूळ, सगळं. पण दार उघडायच्या आधी सांग की मर्दा!"

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. आणि आम्ही महिनोन्महिने फक्त भरपाई किती यावर भांडत होतो.

आता नियम असा : बंधारा उघडायचा तर एक फेरी आधी मोठ्यानं सांगायचं. त्या फेरीत खालच्यानं वस्त्या हलवायच्या. न सांगता उघडला तर दुप्पट भरपाई, तीही सम्राटाच्या स्वतःच्या कोठारातून. दुष्काळाची मदत ज्याचं निदान एक कोठार उभं आहे त्यालाच. यावर वकील अजून कुरकुरतो, कारण गरीब प्रांताला पहिलं कोठारच परवडत नाही. त्याचं चुकतं असं वाटत नाही, पण तोड सापडलेली नाही. एक झालं, सम्राटाच्या खुर्चीसाठी आधी भांडणं व्हायची, आता चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

आणि गेल्या आठवड्यात राहिलेले नऊ ठोकळे आले. चिठ्ठी नाही, माफी नाही. रंगही जरा हिरवटच. सम्राट म्हणतो खेळात घाला, प्रांत म्हणतात पाकीट फोडायचं नाही. ठोकळ्यांपायी कापलेला स्टार परत द्यावा असं मनात आलं होतं, पण कुरिअरवाल्यानं दारात 60 रुपये माझ्याकडूनच घेतले. तीनच.