डव्हकॉट: सगळ्या मेलबॉक्सना एकच ‘व्हीमेल’ युजर की प्रत्येकाला वेगळा?

डव्हकॉट म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायला देणारं सॉफ्टवेअर. सगळ्यांच्या मेल-फाइल्स ‘व्हीमेल’ या एकाच लिनक्स खात्याच्या मालकीच्या ठेवायच्या, की प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यायचं? सर्व्हर हलवताना मित्र याच प्रश्नावर अडलाय.

दुरुस्ती: रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) बॅकअप कॉपी करताना फाइलींची मालकी जपली नाही, की लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं. त्याच ओळीत डव्हकॉट कोणत्या यूआयडीने (युजरच्या क्रमांकाने) फाइल उघडत होता तेही लिहिलेलं असतं. आधी ते वाचा. व्हीमेल असेल तर एका चाऊनमध्ये (मालकी बदलणारी कमांड) सगळं फोल्डर मार्गी लागतं. वेगळे युजर असतील तर प्रत्येकाची मालकी स्वतंत्र लावावी लागते. ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, मात्र कधीच देऊ नका, सगळ्यांची पत्रं उघडी पडतात!

सुरक्षितता: इथे वेगळे युजर सरस, एकमेकांच्या पत्रांमध्ये भिंत लिनक्सच घालतो.

सामायिक मेलबॉक्स: व्हीमेलवर सोपं.

पाच-दहा जणांना शेल लॉगिनही (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) हवं असेल तर वेगळे युजर. अनेक डोमेन सांभाळायची असतील तर व्हीमेलच.