डिजिकॅम: फोटोंच्या नोंदी फोटोतच ठेवणारं सॉफ्टवेअर

गूगलने १५ मार्च २०१६ पासून डेस्कटॉपवरच्या पिकासाकडे, म्हणजे फोटो लावून ठेवण्याच्या आपल्याच सॉफ्टवेअरकडे, पाठ फिरवली. वर्षानुवर्षांचे फोटो त्यात नीट लावून ठेवणाऱ्यांना तेव्हा एक गोष्ट उशिरा कळली. फोटोखाली लिहिलेल्या ओळी आणि कीवर्ड जेपीजी फाइलमध्येच लिहिले गेले होते, ते टिकले. पण पिकासात जमवलेले ‘अल्बम’ म्हणजे पिकासाच्या स्वतःच्या दफ्तरातल्या नोंदी होत्या, त्या तिथेच राहिल्या. चेहऱ्यांना दिलेली नावं फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय शेवटच्या आवृत्त्यांत होता खरा, पण तो ज्यांनी मुद्दाम चालू केला त्यांचीच नावं टिकली.

म्हणून फोटो लावायचं कोणतंही सॉफ्टवेअर तपासताना पहिला प्रश्न हा: उद्या हे बंद पडलं तर माझी मेहनत कुठे असेल? या कसोटीवर घरगुती संग्रहासाठी आज डिजिकॅमच्या पुढे फारसं कोणी उभं राहत नाही. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समूहाचा हा प्रकल्प २००१ पासून चालू आहे. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. दिसायला मात्र गबाळा आहे, हे आधीच सांगून टाकू. डावीकडे उभ्या पट्ट्या, उजवीकडे उभ्या पट्ट्या, आणि सेटिंगच्या खिडकीत शिरलं की बाहेरची वाट सापडत नाही. पुढचं सगळं आठव्या मालिकेतल्या, म्हणजे २०२३ पासूनच्या आवृत्त्यांबद्दल आहे.

बसवण्याआधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवा. हे सॉफ्टवेअर तुमच्या मूळ फाइलींमध्ये लिहिणार आहे आणि आपल्याला तेच हवं आहे, त्यामुळे प्रतीशिवाय सुरुवात नको.

पहिल्यांदा उघडल्यावर ते दोन जागा विचारतं: फोटो कुठे आहेत आणि डेटाबेस, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, कुठे ठेवू. दोन्हींना ‘पिक्चर्स’ हेच उत्तर देऊन पुढे जाण्याची घाई करू नका. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतील, डेटाबेस मात्र संगणकाच्या आतल्या एसएसडीवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नेटवर्कवरच्या डिस्कवर एसक्यूलाइटचा (एका फाइलीत मावणाऱ्या साध्या प्रकारचा) डेटाबेस तर मुळीच नको. नेटवर्कवर फाइलचं कुलूप भरवशाने लागत नाही आणि डेटाबेस बिघडतो. फोटो लाखाच्या वर असतील तर एसक्यूलाइटऐवजी मारियाडीबी हा मोठ्या कामाचा डेटाबेस वापरा असं डिजिकॅमची पुस्तिका सांगते. त्याखालच्या संग्रहाला त्या भानगडीत पडायची गरज नाही.

बाहेरची डिस्क जोडताना ‘कलेक्शन्स’मध्ये ती काढता येणारी डिस्क म्हणून नोंदवा. डिजिकॅम डिस्कला तिच्या ओळखक्रमांकावरून ओळखतं, त्यामुळे आज ती ई ड्राइव्ह आणि उद्या एफ ड्राइव्ह झाली तरी बिघडत नाही. डिस्क फॉरमॅट केली की हा क्रमांक बदलतो, मग कलेक्शन नव्याने जोडून द्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं पान: सेटिंगमधलं ‘मेटाडेटा’, म्हणजे फोटोसोबतच्या नोंदी. इथल्या वागणुकीच्या यादीत मथळा, तारे, रंगखुणा, तारीख, टॅग आणि चेहऱ्यांचे टॅग यांपुढे बरोबरची खूण (टीक) करा. टीक नसेल तर तुम्ही वर्षभर लावलेले टॅग फक्त डेटाबेसमध्ये राहतील, म्हणजे पुन्हा पिकासाच. रॉ फाइलींत (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलींत) थेट लिहिण्याचा पर्याय असला तरी तो बंदच ठेवा. रॉ, आयफोनच्या एचईआयसी आणि व्हिडिओ यांच्यासाठी ‘साइडकार’ बरा, म्हणजे फोटोशेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल. अ‍ॅडोबीचं लाइटरूमही वापरत असाल तर साइडकारच्या नावांची पद्धत व्यावसायिक सॉफ्टवेअरसारखी ठेवण्याची टीक शोधून चालू करा. नाहीतर दोघांची नावं जुळत नाहीत आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही.

साइडकारमध्ये एक कायमची अडचण आहे. फोटो विंडोजच्या एक्स्प्लोररमधून हलवलात की साइडकार मागे राहतो. डिजिकॅममध्ये ‘अल्बम’ म्हणजे डिस्कवरचं खरं फोल्डरच, त्यामुळे हलवाहलव आतूनच करा. फोटो आणि साइडकार मग एकत्र जातात आणि डेटाबेसलाही पत्ता लागतो.

हे सगळं ठीक बसलं की नाही ते पाच मिनिटांत तपासता येतं. एका जेपीजीला टॅग लावा, विंडोजमध्ये त्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ उघडा. टॅग तिथे दिसला तर पुढे चला. दिसला नाही तर पुढचा एकही टॅग लावू नका.

मेटाडेटाच्या पानावर टीक करायची राहून गेली आणि महिनाभर टॅग लावून झाले असतील तरी वाट आहे. ‘टूल्स’मध्ये ‘मेंटेनन्स’, त्यात मेटाडेटा आणि डेटाबेस जुळवण्याचं काम. पण तिथे दिशा विचारली जाते: डेटाबेसमधून फाइलींकडे, की फाइलींमधून डेटाबेसकडे. आपल्याला पहिली हवी. चुकून दुसरी निवडली तर रिकाम्या फाइलींतला मजकूर डेटाबेसवर चढेल आणि महिन्याचं काम जाऊ शकतं. सुरू करण्याआधी डिजिकॅम बंद करून डेटाबेसचं फोल्डर कॉपी करून ठेवा.

टॅगकडे वळू, कारण बहुतेक संग्रह इथेच विस्कटतात. वर तीनच फांद्या ठेवल्या तर पुष्कळ होतं: माणसं, ठिकाणं, प्रसंग. ‘गणपती २०१९’ असा टॅग करू नका. वर्ष तारखेत आहेच, टॅग फक्त ‘गणपती’. नाहीतर दहा वर्षांनी दहा टॅग होतात आणि ‘सगळे गणपती दाखव’ हा साधा शोध लागत नाही. टॅग लिहिण्याच्या चौकटीत तिरकी रेघ म्हणजे उपफांदी आणि स्वल्पविराम म्हणजे दुसरा टॅग असा डिजिकॅमचा नियम आहे. म्हणून ‘साखरपुडा १२/५’ लिहिलंत की ‘साखरपुडा १२’ नावाची फांदी आणि तिच्याखाली ‘५’ नावाचं पान उगवतं.

टॅग देवनागरीत चालतात आणि नीट चालतात. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवं. पहिली लेखनाची. ‘गणपति’ आणि ‘गणपती’ हे शोधाच्या दृष्टीने वेगळे शब्द, हे लक्षात येतं तरी. पण ‘ॲ’ हे अक्षर एकच चिन्ह म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. ‘पायऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तसंच. फोनवर एका कीबोर्डने आणि संगणकावर दुसऱ्याने टाइप केलं की एकसारखे दिसणारे दोन टॅग तयार होतात. उपाय सोपा: टॅग एकदाच टाइप करा, पुढे नेहमी यादीतून निवडा. दोन झालेच असतील तर एकाचे सगळे फोटो निवडून त्यांना दुसरा लावा आणि पहिला काढून टाका.

दुसरी गोष्ट लांबीची. फाइलमध्ये कीवर्ड दोन पद्धतींनी लिहिले जातात, जुन्या आयपीटीसी पद्धतीने आणि नव्या एक्सएमपी पद्धतीने. जुन्या पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलंत हीसुद्धा वेगवेगळी चिन्हं आहेत. म्हणजे हिशेब २१ चिन्हांवर संपतो. ‘थोरल्या काकांच्या घराची वास्तुशांत’ त्यात बसत नाही. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, पण जुनी सॉफ्टवेअरं आयपीटीसीच वाचतात. टॅग आखूड ठेवा, लांबलचक मजकूर मथळ्यात लिहा.

तारखांचा घोळ वेगळाच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली कॅमेऱ्याची तारीख आणि ठिकाण निघून गेलेलं असतं. उरते ती फाइलच्या नावातली तारीख, ‘आयएमजी’नंतर आठ आकडे आणि मग ‘डब्ल्यूए’. ती फोटो पाठवल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे. तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. हे फोटो निवडून ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ उघडा आणि तारखेचा स्रोत म्हणून फाइलचं नाव निवडा. लागू करण्याआधी यादीतला जुनी तारीख आणि नवी तारीख हा रकाना ओळीने वाचा. ज्या नावांतून तारीख निघाली नसेल त्यांना हाताने द्या.

कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर त्याच खिडकीतून ठरावीक फरक मिळवता किंवा वजा करता येतो. न्यूजर्सीहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांचा कॅमेरा तिथल्याच वेळेवर असतो, त्यामुळे त्यांचे फोटो मागे पडतात: उन्हाळ्यात साडेनऊ तासांनी, हिवाळ्यात साडेदहा तासांनी. सकाळचा मुहूर्त आदल्या रात्री लागलेला दिसतो. नक्की फरक माहीत नसेल तर त्या कॅमेऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून घ्या. डिजिकॅममध्ये तो उघडून घड्याळातली वेळ सांगितली की फरक ते स्वतः काढतं.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना स्कॅनरची तारीख लागते आणि आजीच्या लग्नाचा फोटो गेल्या महिन्यात जाऊन बसतो. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोतल्या कॅमेऱ्याच्या नोंदींत, ‘१९६८ च्या सुमारास’ असं लिहायची सोय नाही. १ जानेवारी १९६८ द्या आणि जोडीला ‘तारीख अंदाजे’ हा टॅग लावा.

दुबार फोटो शोधण्याचं काम डिजिकॅम उत्तम करतं, पण आधी ‘मेंटेनन्स’मधून फिंगरप्रिंट, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक चित्राच्या ओळखखुणा, बनवून घ्यावे लागतात. ते न करता ‘फाइंड डुप्लिकेट्स’ चालवलं की निकाल रिकामा येतो आणि लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. तुलना फाइलीची नसून चित्राची असते, म्हणून मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेली प्रत जोडीने सापडतात. साम्याची खालची मर्यादा ९० टक्क्यांपासून सुरू करा. याच गुणाचा तोटा असा की एकापाठोपाठ काढलेले पाच फोटोही दुबार ठरतात, आणि पाचांतल्या एकातच सगळ्यांचे डोळे उघडे असतात. म्हणून ‘सगळे निवडा, काढून टाका’ कधीच नको. मूळ म्हणून जुनी किंवा मोठी फाइल धरण्याचा पर्याय ठेवा आणि शोध फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर व कॅमेऱ्याचं फोल्डर यांच्यापुरता मर्यादित करा.

काढलेले फोटो विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सापडणार नाहीत. डिजिकॅमची स्वतःची कचरापेटी प्रत्येक कलेक्शनच्या मुळाशी लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. ती रिकामी केल्याशिवाय डिस्कवर एक बाइटही जागा मोकळी होत नाही.

चेहरे ओळखणं हा भाग निम्मा पास. पहिल्या वेळी ओळखीच्या मॉडेलच्या मोठ्या फाइली उतरवाव्या लागतात, त्यानंतर सगळं तुमच्याच संगणकावर चालतं, फोटो कुठे जात नाहीत. हे मोठं सुख. पण वीस हजार फोटोंवर एकदम सोडलंत तर मेमरी भरून मध्येच बंद पडू शकतं. एकेक वर्ष घ्या, रात्री लावून ठेवा. ओळख चालवण्याआधी प्रत्येकाचे वेगवेगळ्या कोनांतले, वेगवेगळ्या वयांतले काही चेहरे हाताने पक्के करा. एकाच समारंभातले दहा चेहरे देऊन फायदा नाही. मुंडावळ्या, फेटा, गॉगल यांत झाकलेले चेहरे शिकवणीला देऊ नका, ओळख बिघडते. भिंतीवरच्या तसबिरी आणि गर्दीतले अनोळखी चेहरेही सापडतात. त्यांना ‘इग्नोर’ करत जा, नाहीतर ‘अननोन’चा ढीग कधी संपतच नाही.

निवड करण्यासाठी कीबोर्ड वापरा, माउसने हे काम होत नाही. ऑल्ट आणि १ म्हणजे नापसंत, २ म्हणजे विचाराधीन, ३ म्हणजे पसंत. कंट्रोल आणि ० ते ५ म्हणजे तारे. पहिल्या फेरीत फक्त नापसंत ठरवा. तारे दुसऱ्या फेरीत. पहिल्याच फेरीत प्रत्येक फोटोला किती तारे याचा विचार करत बसलात तर गोव्याची तीन दिवसांची सहलही आठवडाभर पुरते.

टॅग लिहिताना फाइल बदलते, त्यामुळे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर ती नवी समजून पुन्हा वर चढवतं. पाच हजार फोटोंना एकदम टॅग लावला की घरचं इंटरनेट दिवसभर त्यातच अडकतं. मेटाडेटाच्या पानावर ‘लेझी सिंक्रोनायझेशन’ आहे: बदल साठवून ठेवले जातात आणि तुम्ही सांगाल तेव्हा, किंवा सॉफ्टवेअर बंद करताना, एकदाच लिहिले जातात. मोठी फेरी करायची असेल तेव्हा ते चालू करा. मग बंद करताना दोन-चार मिनिटं लागतात. तेवढ्यात लॅपटॉपचं झाकण मिटू नका.

फोटोंवर रंगकाम करणाऱ्यांना डिजिकॅमचा संपादक तोकडा वाटेल. लाइटरूमशी त्याची बरोबरी नाही. लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांनी तिथेच राहावं, पण कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये बदल आपोआप एक्सएमपीमध्ये लिहिण्याची टीक करून घ्यावी. ती मुळात केलेली नसते.